छावणीतला दरबार

त्या रविवारी मी माझी पेटी थांबवायला पाहिजे होती. सगळी गोष्ट एवढीच हाय. पण एवढ्यावर तुमाला काय कळणार, म्हणून जरा मागून येतो.

मी दिलावर. नांदूरघाटात माझं मोटारी भरायचं दुकान हाय. विहिरीवरची जळालेली मोटार लोक आणून टाकतात, मी जुनी तार काढून नवी भरून देतो. दुष्काळाच्या तिसऱ्या वर्सी विहिरीला पाणीच न्हाई, तर मोटार जळणार कशी? दुकानात माशा मारत बसण्यापेक्षा मी रोज सायकल काढून चारा छावणीत जायचो. तिथं माझी एक शेळीसुद्धा न्हवती, पण गहिनीनाथ होता.

गहिनीनाथ म्हणजे आमच्या गावच्या नाटकातला राजा. बावीस वर्सं तोच. पेटीवर मी, तीस वर्सं. आमच्यात भांडण झालं न्हाई असं एक वरीस गेलं न्हाई, आन् एकमेकाला सोडून चहा प्यालो असंबी झालं न्हाई. त्याची चार एकर कोरडवाहू आन् हौशा-गुलब्या ही जोडी. हौशाची आय मेली तवा ह्यानं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. लेकीच्या लग्नातबी तो पाहुण्यांना जेवायला वाढायचं सोडून हौशाला पाणी दाखवायला गेलता. त्या साली त्याच्या डोक्यात एकच होतं, पाऊस पडेस्तोवर जोडी जगली पायजे. छावणी राहिली तर जोडी राहणार. न्हाईतर बाजार, आन् बाजारात त्या साली नांगराला बैल घ्यायला कोण येत न्हवतं.

छावणी आमच्या दूध संस्थेची. गावाबाहेरच्या माळावर हिरवी जाळी बांधलेली, खाली सातशे जनावरं, आन् जनावरांपाशीच बाजा टाकून ऱ्हाणारी माणसं. चेअरमन मोहनराव. मोठ्या जनावराला दिवसाला पंधरा किलो चारा द्यायचा असा सरकारचा नियम. मोहनराव पंधरा लिहायचे आन् नऊ टाकायचे. मधले सहा कुठं जातात हे शेंबड्या पोरालाबी माहीत होतं. पण नऊ येत होते. बाकीच्या गावांत नऊबी न्हवते.

छावणीची मंजुरी वीस तारखेपर्यंत होती. त्याच्या आधी पाडवा आला शुक्रवारी, मग दुसरा शनिवार, मग रविवार. नोकरदारांना तीन दिवस सुट्टी लागून आली. पुण्याला गेलेली पोरं गावाकडं येणार होती. मोहनरावांनी भोंग्यावरून सांगितलं, तीन दिवस छावणीत कार्यक्रम हाय. शुक्रवारी बायांची भारुडं, शनिवारी सिरसाळ्याची हलगी, रविवारी आपलं नाटक.

"रविवारी बीडहून छावण्यांचे साहेब येणार हायेत," मोहनराव आमाला तालमीत म्हणले. "मुदतवाढ त्यांच्या सहीवर हाय. त्यांना नाटकाचा लई शौक हाय. मन लावून करा. खूश झाले तर जूनपर्यंत छावणी कुठं जात न्हाई."

गहिनीनाथनं त्या दिवशी तालमीत असं काम केलं की मी पेटी सोडून त्याच्याकडं बघत बसलो. त्याला साहेबासाठी न्हाई, हौशासाठी काम करायचं होतं.

मग मोहनराव जाता जाता म्हणले, "नाटक झालं की लगेच सत्कार. तो दरबाराचा फाफटपसारा आवंदा नको."

आता दरबार म्हणजे काय, ते सांगतो. आमच्याकडं नाटक संपलं की पडदा पडत न्हाई. राजा सिंहासनावर तसाच बसून राहतो. मग बघणाऱ्यातलं कोणीबी उठायचं, राजापुढं यायचं, आन् आपली तक्रार मांडायची. राजा म्हणायचा, 'मंजूर.' शेजारचा प्रधान कागदावर लिहिल्यासारखं करायचा. मी पेटीवर एक तुकडा वाजवायचो. तुकडा वाजला की पुढचा माणूस. मी भैरवी धरली की दरबार खलास. म्हणजे राजा नावाला, चावी माझ्या हातात. दरबाराचे नियम तीन. राजापुढं खोटं बोलायचं न्हाई. ज्याच्यावर तक्रार हाय त्यानं राग धरायचा न्हाई. आन् दरबारात बोललेलं बाहेर न्यायचं न्हाई. साठ वर्सं हे चालत आलं. सुनेनं आठ दिवस नुसती कढीच केली, हीबी तक्रार तिथं झाली, आन् सात वर्सं एकमेकाच्या दारात न गेलेले दोन भाऊ त्याच दरबारात गळ्यात पडून रडले. पहिल्या दरबाराला पेटी माझ्या बापानं वाजवली होती.

आन् ह्याला हा माणूस फाफटपसारा म्हणाला. माझं डोकं फिरलं.

"दरबार न्हाई तर पेटीबी न्हाई," मी म्हणलो. "नाटक तोंडानं वाजवून करा."

मोहनराव हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणले, "मास्तर, तुमचं डोकं लई गरम. घ्या बाबा तुमचा दरबार, पण पाच मिनटं."

ते गेल्यावर गहिनीनाथ हळूच म्हणला, "दिलावरभाई, चेअरमन बराबर बोलत्यात. साहेब म्होरं बसणार. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?"

"साठ वर्सांत दरबारानं कुणाचं वाईट केलं का बे?"

तो उठून हौशाच्या अंगावरच्या गोचिड्या काढत बसला. मीबी वर बघितलं न्हाई. मला वाटलं मी जिंकलो.

पाडव्याला सातशे जनावरांच्या मधोमध एकच गुढी उभी केली. गावातल्या सुंदरबाईच्या मेळ्यातल्या बायांनी भारुडं म्हणली. सुंदरबाईचा आवाज छावणीची धूळ खाऊन बसलेला, तरी तिनं असं काही उचललं की पुण्याहून आलेल्या पोरांनी मोबाईल खाली ठेवले. शनिवारी सिरसाळ्याची हलगी आली आन् पहिल्या थापेलाच चाळीस-पन्नास जनावरांनी दावी तोडली. माळभर माणसं गुरांच्या मागं पळाली. मग त्या हलगीवाल्यांनी हलगीला आतून फडकी बांधून दोन तास वाजवलं. हलगीचा आवाज म्हणजे शेजारच्या घरात कोणी चटणी कुटतंय असा. लोक इतके हसले की छबुबाई म्हणली, दोन वर्सांत माझे दात आजच उघडे पडले. छबुबाई म्हणजे एकटी बाई, एक गाय, आन् दोघीत मिळून सहा दात.

हे सगळं मी सांगतो कारण ते दोन दिवस खरंच बरे गेले. नंतर लोक ते विसरले. मी न्हाई विसरलो.

रविवारी नाटक दुपारी चारला ठेवलं, कावून की साहेबाला उजेडात बीडला परतायचं होतं. आमच्या नाटकानं कधी ऊन बघितलेलं न्हवतं. दोन ट्रॉल्या जोडून केलेलं स्टेज, मागं जुना पडदा. रात्री बत्तीत जो महाल दिसायचा त्याला दिवसा ठिगळं दिसत होती. गहिनीनाथच्या तोंडावरचा रंग घामानं ओघळून गळ्यात उतरला. तोंड धुवायला तांब्याभर पाणी मिळालं न्हाई, म्हणून त्याच्यावरच दुसरा थर चढवला. माझ्या पेटीचा भाता उन्हानं चिरला होता, त्याला मी मोटारीला लावायची पट्टी चिकटवली होती.

साहेब पहिल्या रांगेत बसले. वयानं लहान माणूस, साधा शर्ट, मांडीवर वही. शेजारी मोहनराव, हातात शाल-नारळ तयार.

नाटक लई रंगलं. खोटं कशाला सांगू, बावीस वर्सांत गहिनीनाथ असा राजा कधी झाला न्हवता. दुसऱ्या अंकात राजा उपाशी रयतेसाठी कोठारं उघडतो, तिथं त्यानं आवाज चढवला आन् जाळीखालून हौशा हंबरला. मालकाचा आवाज ओळखला त्यानं. माणसं हसायला लागली. गहिनीनाथ जराबी चळला न्हाई. प्रधानाकडं वळून म्हणला, "प्रधानजी, आमचा हत्ती उपाशी दिसतो. आधी त्याला घाला." साहेबानं टाळी वाजवली. मोहनरावांनी वळून माझ्याकडं बघून मान डोलावली. मला वाटलं, झालं, छावणी वाचली. तिथंच जर भैरवी धरली असती तर.

पण दरबार लागला. गहिनीनाथ सिंहासनावर बसून राहिला. प्रधान झालेला त्रिंबक कागद घेऊन शेजारी बसला. त्रिंबक ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसतो, अक्षर मोत्यासारखं. दरवर्सी तो कागदावर रेघोट्या मारायचा. ह्या वर्सी साहेब बघतायत म्हणून त्यानं खरं लिहायला घेतलं. नाव, तक्रार, एक नंबर, दोन नंबर. मला ते दिसलं, पण मला त्याचं कौतुकच वाटलं.

पहिला सिदू उठला. "राजे, माझी बायको रोज इथं म्हशीपाशी निजती. मला घरी भाकर थापायला कोण न्हाई. तिला माझ्यापेक्षा म्हैस जवळची झाली."

"मंजूर," राजा म्हणला. साहेब मनापासून हसले. मी तुकडा वाजवला.

मग छबुबाई उठली. पदर खोचून, वाकत वाकत ट्रॉलीपाशी आली. म्हणली, "राजा, माझ्या गाईच्या नावावर पंधरा किलो पडत्यात. माझी गाय नऊ खाती. मधले सहा कोण खातं, तेवढं इचारा."

लोक आधी हसले. मग हसू थांबलं. मोहनरावांच्या हातातली शाल खाली घसरली.

गहिनीनाथनं माझ्याकडं बघितलं. रंग ओघळलेल्या तोंडात त्याचे डोळे तेवढे कोरडे होते. त्यानं मान हलवली, एकदाच, बारीक. मी ती मान बघितली. न्हाई बघितली असं मला म्हणता येत न्हाई. राजाला 'मंजूर' शिवाय दुसरं काय बोलता येत न्हाई, ती रीतच हाय. तो "मंजूर" म्हणला, पण इतकं हळू की फक्त मला आन् त्रिंबकला ऐकू गेलं. आता पेटीचं काम होतं. भैरवी धरायची की तुकडा वाजवायचा.

माझ्या मनात काय होतं ते सांगतो. माझ्या मनात हौशा न्हवता, गुलब्या न्हवता. माझ्या मनात मोहनरावांचा 'फाफटपसारा' होता. त्यांचं उतरलेलं तोंड बघून मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. आन् छबुबाईसारखी बाई राजापुढं ताठ उभी राहून खरं बोलती, ह्याचाबी मला अभिमान वाटला. मी तुकडा वाजवला. नेहमीपेक्षा मोठ्यानं वाजवला.

मग धुळाजी उठला. त्याचा बैल मरून महिना झाला होता, तरी त्याच्या नावानं चारा निघत होता. "राजे, मेलेला बैल खातो कसा, एकदा दावा मला." मंजूर. तुकडा. केशरबाई म्हणली, पाण्याचा टँकर एक येतो आन् दोन लिहितात. मंजूर. तुकडा. अशी आठ माणसं बोलली. आठ वेळा गहिनीनाथ मंजूर म्हणला आन् आठ वेळा मी वाजवलं. शेवटी माझाच हात दुखला म्हणून मी भैरवी धरली.

साहेब उठले. रागावले न्हवते. म्हणाले, "मी अशी लोककला कुठंच पाहिली नाही." मग त्रिंबकपुढं हात केला. "तो कागद बघू." त्रिंबकनं दिला, खुशीत दिला. साहेबानं वाचला, पुन्हा वाचला, आन् म्हणाले, "ज्यांनी तक्रारी केल्या त्यांनी ह्यावर सह्या कराल का?"

दरबारातलं बाहेर न्यायचं न्हाई. हे त्या वेळी एका माणसानं जरी ओरडून सांगितलं असतं. साहेबाला आमचा नियम माहीत असायचं काय कारण होतं? आन् आमाला वाटलं, राजाचा दरबार बघून खरा राजाच पावला. अंगठे द्यायला रांग लागली. छबुबाईनं शाईचा अंगठा पदराला पुसला आन् माझ्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. म्हणली, "मास्तर, उद्यापासून माझी गाय पंधरा खाणार."

गहिनीनाथ स्टेजच्या मागं बसून तेलानं तोंड पुसत होता. मी गेलो तर तो पाठ फिरवून पुसत राहिला. मला वाटलं दमला असेल.

बुधवारी हुकूम आला. छावणीच्या कारभारात गंभीर घोटाळे हायेत, म्हणून मंजुरी रद्द, चौकशी होईपर्यंत छावणी बंद. मुदतवाढीचा अर्ज फेटाळला.

मी, गहिनीनाथ आन् छबुबाई बीडला गेलो. साहेबानं आमाला खुर्च्या दिल्या, चहा पाजला. छबुबाई खुर्चीवर बसलीच न्हाई, खाली बसली. म्हणली, "साहेब, आमाला नऊ चालत्यात. आमी खोटं बोललो म्हणून लिवा."

साहेबाचं तोंड उतरलं. म्हणाले, "मावशी, माझ्यासमोर आठ सह्यांचा कागद आहे. आता मी मुदतवाढ दिली तर चोरीत मीच सामील. जनावरं दुसऱ्या छावणीत न्या, मी पत्र देतो." पत्र दिलंबी त्यांनी. घाटनांदूरकडच्या छावणीवाल्यानं ते वाचून परत दिलं. त्याच्याकडं हजाराच्या वर जनावरं होती आन् दुसऱ्या तालुक्याचं घ्यायला परवानगी न्हवती. साहेब वाईट माणूस असता तर आमी त्याला शिव्या तरी घातल्या असत्या. तो बिचारा बराबर होता.

मोहनरावांना मी रस्त्यात अडवलं. त्यांचं काही बिघडलं न्हवतं, चौकशी काय, चालूच राहती. ते शांतपणे म्हणले, "मास्तर, मी एकटा खात न्हवतो. तुमा सगळ्यांची गुरंबी खात होती."

मी सायकल बाजूला घेतली.

दोन दिवसांत हिरवी जाळी उतरली. लोक जनावरं घेऊन घरी गेले आन् घरी न्हेऊन काय घालायचं म्हणून दारात बसले. छबुबाईची गाय नवव्या दिवशी बसली ती उठली न्हाई. छबुबाई मला त्याच्यानंतर एक शब्द वाईट बोलली न्हाई. बोलली असती तर बरं झालं असतं.

गहिनीनाथनं जोडीला घराच्या छपराचं पाचट घातलं. छप्पर संपलं तवा तो माझ्या दुकानात आला आन् म्हणला, "उद्या बाजारला चला."

चालतच गेलो. हौशा मधेच थांबायचा, तवा गहिनीनाथ त्याच्या कानात काहीतरी बोलायचा, मग तो चालायचा. बाजारात एक लातूरकडचा व्यापारी भेटला. त्यानं दात बघितले न्हाईत, खूर बघितले न्हाईत, नुसत्या बरगड्यांवरून हात फिरवला. नांगराचा बैल घेणारा असा बघत न्हाई. कुठं नेणार, हे गहिनीनाथनं विचारलं न्हाई. मीबी न्हाई. बैल विकला तरी दावं देत न्हाईत, म्हणून दोन्ही दावी सोडून त्यानं हातात घेतली. टेम्पोत चढताना हौशा एकदा हंबरला. गहिनीनाथ तिकडं पाठ करून उभा होता.

बाजाराच्या कडेला गुरांना पाणी पाजायचा दगडी हौद हाय. कोरडा पडलेला. त्याच्या कठड्यावर गहिनीनाथ बसला, दावी मांडीवर घेतली.

"दिलावरभाई," तो म्हणला, "दरबार लावा."

"इथं?"

"इथं. राजा तुमी व्हा. मी लई वर्सं झालो."

मी त्याच्यापुढं उभा राहिलो. माणसं येत-जात होती, आमच्याकडं कोण बघत न्हवतं.

तो उठला. राजापुढं उभं ऱ्हायचं तसा उभा राहिला, टोपी काढून. म्हणला, "माझी तक्रार एकाच माणसावर हाय. त्याला पेटी थांबवता येत व्हती. मी त्याला मान हलवून सांगितलं व्हतं. त्यानं बघितलं आन् थांबवली न्हाई."

राजापुढं खोटं बोलायचं न्हाई. त्यानं खोटं सांगितलं न्हवतं. ज्याच्यावर तक्रार त्यानं राग धरायचा न्हाई. मला राग आलाच न्हवता, मला रडायला येत होतं, आन् राजाला रडता येत न्हाई.

"मंजूर," मी म्हणलो.

त्यानं मान हलवली. टोपी घातली. आमी चालत घरी आलो.

त्याच्यानंतर पाऊस झाला, चांगला झाला. दरबार न्हाई झाला. नाटकच उभं राहिलं न्हाई, कावून की राजा व्हायला कोण तयार न्हाई आन् मला पेटी उघडवत न्हाई. गहिनीनाथ रोज दुकानात येतो, आमी चहा घेतो, आन् त्या हौदापाशी झालेलं आमच्यात पुन्हा कधी निघालं न्हाई. दरबारात बोललेलं बाहेर न्यायचं न्हाई, असा नियम होता. तो नियम गहिनीनाथ अजून पाळतो. मी आज तुमाला सांगून तोबी मोडला.